कापसाच्या खोलीतला आवाज

आमच्या घरात एक हिवाळा असा गेला, की माझ्या आईचा माझ्या आवाजावर विश्वास होता आणि माझ्यावर नव्हता. माझाच आवाज, मीच फोनमध्ये घातलेला, तिला रोज सांगायचा की ही समोर उभी असलेली बाई आपली नाही. आई मान डोलवायची आणि मला दारातच थांबवायची. कोणाला सांगितलं तर हसतात. हसा बापडे हो, हसा. ज्याच्या घरात झालं त्याला ठाऊक.

आदिलाबादकडे बेला म्हणून बाजाराचं गाव आहे, त्याच्या अलीकडे आमचं गाव. शेत आहे, कापसाची पऱ्हाटी आहे. मी बासरला इंजिनिअरिंग शिकले, काही दिवस हैदराबादेत एका खोलीत तिघीचौघींबरोबर दाटीवाटीने राहिले, आणि गावात नीट नेट येताच लॅपटॉप उचलून घरी आले. काम त्याच हैदराबादच्या लहानशा कंपनीचं, फोनसाठी ॲप बनवायचं. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "पोरगी एवढी शिकली अन् पुन्हा पऱ्हाटीतच येऊन बसली." तोंडाने कुरकुर, पण माझ्या खोलीत नवा पंखा न सांगता त्यांनीच लावून दिला होता.

दसरा झाला आणि आमच्या साहेबांचा फोन आला. देशी माल ओळखणारं ॲप पाहिजे, आणि दिवाळीच्या बाजाराआधी पाहिजे. गिऱ्हाइकाने वस्तू हातात धरायची, फोनचा कॅमेरा तिच्यापुढे न्यायचा, आणि फोनने बोलून सांगायचं की ही आपल्या देशात बनली की नाही. बोलून, कारण डब्यावरची बारीक अक्षरं कोण वाचत बसतं? शिवाय तेलुगू, हिंदी, मराठी, तिन्हीत पाहिजे. मी म्हटलं, साहेब, याला तीन महिने लागतात. ते म्हणाले, "तीन महीने बाद दिवाली रहती क्या?" पुढे बोलायला जागाच ठेवली नाही माणसाने.

पुडक्यावरच्या काळ्या पट्ट्यांवरून देश कळतो असं पुष्कळ जण समजतात. तसं काही नसतं. त्या आकड्यांवरून कंपनीने नोंदणी कुठे केली तेवढं कळतं, माल कुठे बनला ते कळत नाही. आणि दिवाळीच्या बाजारातल्या लाइटच्या माळा, बॅटऱ्या, कंगवे, प्लास्टिकची फुलं, यांना कसल्या आल्यात पट्ट्या! म्हणून मी झटपट रस्ता धरला. फोनला आपल्या वस्तूंचे ढीगभर फोटो दाखवायचे, बाहेरच्या वस्तूंचे ढीगभर दाखवायचे, आणि दोहोंतला फरक त्याचा त्याला शोधू द्यायचा. यंत्र फरक शोधतंच. कोणता शोधला, ते मात्र आपण खोदून विचारल्याशिवाय सांगत नाही.

आपल्या वस्तू मी बेल्याच्या दुकानांतून विकत आणल्या. बाहेरच्यांसाठी आदिलाबादच्या एका ठोक व्यापाऱ्याला गाठलं. त्याने पोतंभर माल दिला, पण उसना. फोटो काढायचे आणि जसाच्या तसा परत करायचा. वस्तू हातात धरलेली दिसली पाहिजे, असा साहेबांचा हुकूम होता. फोटो काढायला मी, मग धरायला कोण? आईला सकाळच्या उजेडात उंबऱ्यावर बसवलं.

उंबऱ्यावर बसून वस्तू हातात घेणं तिला नवं नव्हतं. आमच्याकडे कोणतीही नवी वस्तू घरच्या बाईच्या हातातून गेल्याशिवाय आत जात नाही. आई ती डाव्या हातात घ्यायची, उजव्या हाताच्या बोटाने हळदीचा टिळा लावायची आणि म्हणायची, "झालं आपलं. न्या आतमंधी." मग ती बियाण्याची थैली असो की पाण्याची मोटर. बाबांची मोटारसायकल काही हातात मावेना, तर तिच्या दिव्यावर हात ठेवला होता. माझ्या लॅपटॉपच्या कोपऱ्यातली हळद अजून पुसली जात नाही. आईच्या डाव्या मनगटावर गोंदण होतं, हिरवट पडलेलं, मधोमध तुळशीचं झाड आणि दोन्ही अंगाला ठिपके. त्याच्याखाली हिरव्या बांगड्या. आपल्या सगळ्या वस्तूंचे फोटो त्याच हातात निघाले. फोटो झाला की हळद, हळद लागली की वस्तू आत.

मग मी आदिलाबादचं पोतं उघडलं, तर आईने हात पदराखाली घेतला.

"हे परत जानार हाये ना?"

"हो, उद्याच."

"मंग मी नाई हात लावत."

"आई, फोटोपुरतं धर ना."

"फोटोत हात माहाच दिसन ना? एकदा हातात घेतलं का ते घरचं होते. घरचं झालेलं परत देते काय कोनी?"

मी चिडले, लाडीगोडी लावली, पुन्हा चिडले. "बापावर गेली पुरी," असं म्हणून ती भाकरी टाकायला निघून गेली. शेवटी ते सगळं सामान मी बाजेवर मांडलं आणि कोणाच्याही हाताशिवाय त्याचे फोटो काढले. दिवस थोडे होते आणि साहेबांचा फोन सारखा वाजत होता.

मराठी आवाज माझाच द्यायचा ठरला. पण घरात कुठेही बोललं तरी आवाज घुमायचा. बाबा म्हणाले, "कापसाच्या खोलीत जाऊन पाह्य." मागच्या खोलीत पहिल्या वेच्याचा कापूस कमरेइतका भरला होता. तिथे दार लावून घेतलं की बाहेरची कोंबडीसुद्धा ऐकू येत नाही. आपला शब्द तोंडातून निघतो आणि तिथेच जिरतो. मी त्या अंधारात कापसात रुतून बसले, फोन ओठांशी धरला आणि हळू, लेकराला समजावल्यासारखं म्हटलं, "आपलं हाये." मग थांबून, "आपलं नाई." एरवी मी अशी बोलत नाही. माझं बोलणं म्हणजे फडताळातून भांडी पडल्यासारखं. बाहेर येऊन ते ऐकलं आणि माझ्याच अंगावर काटा आला. फोनमधून आल्यासारखा तो आवाजच नव्हता. मानेशी वाकून कोणी बोलावं तसा होता.

'माहीत नाही' असं तिसरं उत्तर घालायचं होतं, ते घाईत राहिलं. त्यामुळे पुढे काहीही धरा, फोन या दोहोंतलं एक बोलणारच होता. नेट नसलं तरी बोलणार होता. घरात तपासून पाहिलं तर एकही उत्तर चुकलं नाही. साहेब खूश, मी खूश, आईसुद्धा खूश. तिच्या फोनमध्ये ॲप घालून दिलं तर ती उंबऱ्यावर बसून एकेक डबा हातात धरायची, माझा आवाज ऐकायची आणि म्हणायची, "किती गोड बोलते वं माही पोरगी यंत्रात. घरात तर खेकसते."

दिवाळीआधीच्या आठवडी बाजाराला मी मुद्दाम गेले. आजूबाजूच्या गावांतल्या बचत गटाच्या बायांनी ॲप आधीच घेतलं होतं. एकीने हातात पणती धरली. "आपलं हाये." दुसरीने लाइटची माळ धरली. "आपलं हाये." त्या माळेवर माझी नजर गेली. आदिलाबादच्या पोत्यात तशीच माळ होती, मी स्वतः बाजेवर मांडलेली. मग एकीने बॅटरी धरली, एकीने रबराचं माकड धरलं. "आपलं हाये." "आपलं हाये." पलीकडे बेल्याचाच एक कुंभार बसला होता. त्याने कौतुकाने स्वतःच घडवलेली पणती कोणाच्या तरी फोनपुढे धरली. "आपलं नाई," फोन म्हणाला.

"बाप्पा!" कुंभार म्हणाला. "माह्या हातची पनती, अन् माही नाई?"

लोक हसले. पण मला हसू येईना. बाजाराच्या चारी बाजूंनी माझाच आवाज येत होता, एकमेकांच्या मागेपुढे, आणि त्या गलबल्यातसुद्धा प्रत्येकीला तो कानाशी ऐकू जात होता. एक बाई माळ टाकून गर्रकन मागे वळली. "कोन बोल्लं वं कानात?" मागे कोणी नव्हतं. तिने पदर सावरला आणि ती तिथून निघून गेली. मग मी बायांचे हात बघितले. मनगटावर गोंदण, खाली बांगड्या. ज्यांच्या मनगटावर होतं, त्यांना सगळं आपलं. ज्यांच्या नव्हतं, त्यांना काहीच आपलं नाही.

घरी येऊन मी यंत्राला खोदून विचारलं. फोटोत ते नेमकं कुठे पाहतं, ते लाल रंगाने दाखवायची सोय असते. एकेक फोटो उघडला. साबणावर लाल नाही, कंगव्यावर नाही, तेलाच्या बाटलीवर नाही. लाल फक्त एका जागी, आईच्या मनगटावर. फोटोमागून फोटो तेच. बाबा माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. पुष्कळ वेळ बघून ते म्हणाले, "म्हंजे सामानाकडं याचं ध्यानच नाई. हे तं तुह्या आईले पाहून राह्यलं." आम्ही दोघं पोट धरून हसलो. साहेब हसले नाहीत. त्यांनी मला फोनवर यथेच्छ झापलं आणि ॲप बाजारातून काढून घेतलं. आईच्या फोनमधलं मात्र मी राहू दिलं, तिला आवडतं म्हणून.

दिवाळी सरली. एका सकाळी आई स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीपुढे फोन धरून उभी होती. "आपलं नाई," फोन म्हणाला. तिने बरणी उचलून डाव्या हातात घेतली आणि पुन्हा फोन धरला. "आपलं हाये." तिचा जीव भांड्यात पडला, ते चेहऱ्यावर दिसलं. मला वाटलं, खेळते आहे.

"अगं, तुझ्या लग्नातली बरणी ती," मी म्हटलं. "आपलीच आहे."

"तुले काय माहीत?" ती म्हणाली. आणि ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती नजर मी तिच्या डोळ्यांत पूर्वी कधी पाहिली नव्हती. आदबीची नजर होती ती. अनोळखी बाईशी बोलताना ठेवतात तशी.

आदिलाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा विसरायचा आजार आहे, वाढत जाईल. गेलेलं परत यायचं नाही. आहे तेवढं जपा. बाबा बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि उठायलाच तयार होईनात.

आजार तिला होताच, तो फोनने आणला नाही. पण मनात प्रश्न उठला की ती तो फोनला विचारायची, आणि फोनकडे 'माहीत नाही' हे उत्तरच नव्हतं. ती देवळीपुढे फोन धरायची. "आपलं नाई." विहिरीकडे धरायची. "आपलं नाई." जे तिला हातात घेता यायचं ते तिचं राहायचं, तवा, कंदील, चादर. जे हातात येत नव्हतं ते एकेक करून तिचं राहिलं नाही. भिंती गेल्या. अंगणातला कडुलिंब गेला. गोठा गेला, तशी ती बैलांना चारा टाकायची बंद झाली. आपल्याच घरात ती पाहुण्यासारखी कडेकडेने चालू लागली, लोकांच्या वस्तूला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून. आणि दर वेळी ते माझ्याच आवाजात, हळू, समजावून सांगितल्यासारखं. मी दुसऱ्या खोलीत काम करत असायची आणि भिंतीपलीकडून मीच बोलताना मला ऐकू यायची. दुपारच्या सामसुमीत तर कितीदा मी दचकून मागे बघितलं.

एकदा बाबा बाजेवर बसले होते. आईने फोन त्यांच्यावर धरला. "आपलं नाई." तिने झटकन डोक्यावर पदर घेतला आणि मला हलक्या आवाजात म्हणाली, "पावने आले, च्या ठेव बाई." बाबा आधी हसले. म्हणाले, "लगन झालं तवाबी अशीच पदर घेऊन बसली होती." मग चहा न घेताच शेतात निघून गेले. मी मागून हाक मारली तरी वळले नाहीत.

पुढचा नंबर माझा, हे मला कळत होतं. दोन दिवस मी तिला फोन उचलूच दिला नाही. या ना त्या कामाला लावलं. तिसऱ्या दिवशी मी वाटीत वरणभात कालवून तिच्यापुढे बसले, आणि तिने पदराआडून फोन काढला.

"आपलं नाई," माझा आवाज माझ्याबद्दल म्हणाला.

आईने वाटी बाजूला सारली. हातही जोडले तिने मला. "बाई, तुमी कोनाच्या घरच्या? माही पोरगी येऊ द्या, मंग जेवन मी." मी उठून मागच्या अंगणात गेले आणि लिंबाला टेकून हमसून हमसून रडले. राग आला होता, भीती वाटत होती, आणि खोटं कशाला सांगू, त्या फोनमधल्या पोरीचा मला मत्सर वाटत होता. माझी आई माझ्याच समोर दुसऱ्या कोणाची तरी वाट पाहत होती, आणि ती दुसरी मीच होते.

त्या दिवसापासून माझ्या हातचं तिने घेतलं नाही. बाबांनी दिलं तर दोन घास, तेही पदराआडून. गोळ्या नाहीत. पाणी स्वतः हाताने घेईल तेवढंच. अंगातली हाडं दिसू लागली. आणि दुपारी ती कापसाच्या खोलीपुढे जाऊन बसायची. तो आवाज कुठल्या खोलीतला हे तिला कसं कळलं, मला आजही सांगता येणार नाही. मी आवाज तिथे भरला तेव्हा ती शेतात होती. बंद दारावर फोन धरून ती बोलायची.

"जेवली काय वं?"

"आपलं नाई."

"काऊन नाई जेवली? थंडी वाजते काय आतमंधी?"

"आपलं नाई."

"ये ना मंग बाहीर."

"आपलं नाई."

ती दाराला कान लावून बसायची. एकदा मी पाहिलं, तिने वाटीतला गूळ दाराच्या फटीखालून आत सरकवला.

फोन काढून घेतला तर ती पोरगी हरवली म्हणून घरभर हंबरडा फोडायची. बाबा म्हणाले, "तू शिकलेली ना? मंग त्या मशीनीले सरळ कर." मी केलं. ॲपमध्ये बदल करून टाकला, काहीही दाखवा, उत्तर एकच, "आपलं हाये." तिने भिंतीवर धरला, आपलं. लिंबावर धरला, आपलं. माझ्यावर धरला, आपलं! मी लगेच भाकरीचा तुकडा पुढे केला. पण तिला शंका आली होती. दारावरून एक भांडीवाला चालला होता, त्याच्यावर धरला. आपलं. रस्त्यातल्या कुत्र्यावर धरला, आभाळावर धरला. आपलं, आपलं. आईने फोन कानाशी नेऊन हलवला आणि माझ्या अंगावर फेकला.

"हे माही पोरगी नोहे," ती म्हणाली. "माही पोरगी एवढी गोडबोली नाई. काय केलं तिचं?"

ती रात्र तिने न खाता काढली. सकाळी मी गुपचूप जुनं ॲप परत घातलं. "आपलं नाई," फोन म्हणाला, आणि आई सुखाने हसली.

मग मलाच राग आला. खरंच सांगते, माझं जे काही चांगलं झालं ते मला राग आल्यावर झालं. मी म्हटलं, ठीक आहे, नाही ना आपली? मग आपली करून घे. मी चपला घालून घराबाहेर गेले, रस्त्यापर्यंत, आणि तिथून परत येऊन उंबऱ्यापुढे बसले. आई आत उभी होती. मी म्हटलं, "नवं आणलंय घरात. हातात घ्या."

तिला कशाची आठवण राहिली नव्हती, पण हातांना होती. ती हळदीची वाटी घेऊन आली आणि माझ्यासमोर बसली. तिचा डावा हात माझ्या गालावर आला, सुकलेला, बांगड्या कोपरापर्यंत सरकणाऱ्या. उजव्या बोटाने तिने माझ्या कपाळाला हळद लावली, मग फोन उचलला आणि मला न्याहाळलं. यंत्राने बघितलं ते गोंदण.

"आपलं हाये."

"झालं आपलं," आई म्हणाली. "चाल आतमंधी." तिने माझ्या हातून पेज घेतली, वाटीभर. बाबा चुलीपाशी बसले होते, त्यांनी तोंड फिरवून घेतलं. त्यांनाही दुसऱ्या दिवशी मी रस्त्यावरून आणलं. टिळा लावून घेताना ते म्हणाले, "ह्या वयात पुन्हा घरजावई झालो."

पण रात्र गेली की सगळं पुसून जायचं. रोज सकाळी मी बाहेर जायची, उंबऱ्यापुढे बसायची, गाल पुढे करायची. रोज ती मला नव्याने घरात घ्यायची. भाकरी खायची, गोळी घ्यायची, केस विंचरू द्यायची. मला 'बाई' म्हणायची. आणि दुपारी जाऊन कापसाच्या खोलीपुढे बसायची, आपल्या पोरीशी बोलत. ती जगली, हे काय थोडं झालं? मी मनाला तसंच सांगायची. पण हळद पुसताना रोज वाटायचं, मी हिच्या घरातली एक वस्तू झाले, तवा, कंदील, तशी एक. लेक ती आतली.

कापसाला भाव नव्हता म्हणून बाबांनी तो विकला नव्हता. वेचा संपेस्तोवर खोली छपराला टेकली, आणि उन्हाळा लागला तरी ती तशीच होती. होळी झाल्यावर एका दुपारी वादळ आलं. आभाळ काळं झालं, तारा तुटल्या, वीज गेली ती दुसऱ्या दिवशीही आली नाही. आईचा फोन बंद पडला. ती तो हलवायची, फुंकायची, पदराने पुसायची. दुसऱ्या दिवशी सकाळी उंबऱ्यावर तिने माझ्या गालाला हात लावला, फोन धरला आणि वाट पाहिली. आवाज आला नाही. तिने हात काढून घेतला आणि आत निघून गेली. मी तिथेच बसून राहिले.

पुन्हा वारा सुटला तेव्हा मी घरात शोधलं, तर ती कुठेच नव्हती. गोठ्यात नाही, विहिरीवर नाही. मग बघते तर कापसाच्या खोलीचं दार उघडं. कापसाला भुयारासारखी वाट पडलेली, आत मिट्ट काळोख. कापूस अंगावर कोसळला तर श्वास कोंडतो, लेकरांना आम्ही तिथे जाऊ देत नाही. मी हातांनी कापूस सारत आत शिरले. मागे वाऱ्याने दार आपटलं आणि सगळे आवाज एकदम थांबले. वारा नाही, पत्र्यांचा खडखडाट नाही. माझा श्वाससुद्धा मला ऐकू येईना.

"आई," मी म्हटलं. भीतीने आवाज फुटेना, म्हणून तो हळूच निघाला. आणि तिथेच जिरला.

अगदी जवळून, अंधारातून, ती बोलली.

"आली काय वं माय? किती हाका मारल्या तुले. बोलत काऊन नवती?"

माझ्या लक्षात आलं. या खोलीत मी बोलले की फोनमधली तीच पोरगी होते. तिला दिसत नव्हतं, मलाही दिसत नव्हतं. मी हलले नाही.

"एक इचारू?" आई म्हणाली. "घरात एक बाई हाये. रोज सकाळी दारात येऊन बसते बिचारी. रागीट हाये, भांडे आपटते. पन माह्ये केस इचरते, रातच्याले पांघरून घालते. तवा रडतेबी कधी कधी, मी झोपली असं समजून. मी हात लावल्याबगर तू तिले आपली म्हनतच नाई. तिनं काय बिघडवलं तुहं?"

मी आवाजाच्या दिशेने हात लांबवला.

"म्हन ना तिले आपली एक डाव," आई म्हणाली. "मले ती बाई आवडते."

मी कापसात चाचपडत तिच्यापर्यंत गेले, कानाशी वाकले आणि हळू, समजावून सांगितल्यासारखं म्हटलं, "आपली हाये."

"बरं झालं बाई," आई म्हणाली. तिने सुटकेचा श्वास टाकलेला मला मानेवर जाणवला. "जा मंग, सांग तिले. दारातच बसली असन अजून."

मी तिला हाताला धरून कापसातून बाहेर आणलं आणि बाजेवर बसवलं. मग अंगावरचा कापूस झटकला आणि पुढच्या दारात जाऊन बसले.